जुन्या रिव्हॉल्व्हरची साक्ष

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे निघालेला प्रवासी पन्हाळ्याचा डोंगर मागें टाकून आंबा घाटाच्या रोखानें चालूं लागला, म्हणजे घाटाच्या अलीकडे त्यास मलकापूर हें बाजारपेठेचें गांव लागतें. शाहूवाडी तालुक्यांतील हें गांव आज व्यापाराकरितां ओळखलें जातें; परंतु त्याचा पूर्वेतिहास राजकीय आहे. विशाळगडचे पंतप्रतिनिधि हे कोल्हापूर संस्थानांतील मोठे जहागीरदार. १८४४ सालीं या संस्थानांत गडकऱ्यांचें बंड झालें. सामानगड व भुदरगड येथें पेटलेला वणवा पन्हाळ्यापर्यंत पोहोंचला. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत इंग्रज फौजेनें पन्हाळा घेतला आणि पुढें गडांच्या तटबंद्या पाडून टाकण्यांत आल्या. विशाळगडाचीहि तीच गत झाली, आणि जहागिरीचें ठाणें गडावरून मलकापुरास आलें.

ज्या मुलखांत गडावरचें राज्य असें खालीं उतरलें, त्या मुलखांतील जुन्या घरांत एखादी तलवार, एखादी ढाल, क्वचित् एखादी ठासणीची बंदूक जपून ठेवलेली असावी यांत नवल नाहीं. प्रत्येक हत्याराबरोबर एक कहाणीहि जपलेली असते; आणि हत्यार जितकें गंजत जातें तितकी त्याची कहाणी उजळत जाते. कहाणीचा शेवट बहुधा दोनच ठिकाणीं होतो : गडकऱ्यांच्या बंडांत, नाहीं तर सत्तावनच्या उठावांत.

समजा, अशाच एखाद्या घरांतील लांकडी पेटींतून जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळलेलें एक रिव्हॉल्व्हर बाहेर निघालें. घरांतील वडील माणूस तें दोन्ही हातांवर घेऊन सांगतो, “हें सत्तावन सालचें. आमच्या पणजोबांनीं एका साहेबापासून हिसकून घेतलेलें.” तें विकत घेण्यास आलेला गृहस्थ शहरांतील आहे. त्याच्या खिशांत पैसा आहे आणि मनांत पूर्वजांच्या पराक्रमाचा अभिमान आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्या. पण खरेदीच्या वेळीं त्या एकत्र आल्या म्हणजे माणूस डोळे मिटून व्यवहार करतो. अशा व्यवहारांत त्याचा पैसा जाण्याचा संभव असतो, दुखापतीचा संभव असतो, आणि कायद्याच्या कचाट्यांत सांपडून अब्रू जाण्याचाहि संभव असतो. शिवाय खोट्या कहाणीवर पैशाचा शिक्का बसला म्हणजे ती पुढच्या पिढीस इतिहास म्हणून मिळते. म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरची परीक्षा कशी करावी, हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाहीं. इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे.

परीक्षेचें पहिलें सूत्र असें कीं, विकणाऱ्याचें ऐकावें, पण साक्ष लोखंडाची घ्यावी. त्याकरितां या हत्याराची वंशावळ थोडी तरी ठाऊक पाहिजे. एका नळीच्या मागें अनेक बारांची फिरती चक्री बसवावी ही कल्पना फार जुनी. परंतु ती व्यवहारांत आणली अमेरिकेतील सॅम्युअल कोल्ट यानें. त्यास इंग्लंडमध्यें १८३५ सालीं व अमेरिकेंत १८३६ सालीं या युक्तीचे हक्क मिळाले. १८५१ च्या लंडन येथील भव्य प्रदर्शनांत कोल्टचीं रिव्हॉल्व्हरें मांडलेलीं होतीं, आणि त्यांच्याशीं स्पर्धा करणारें रॉबर्ट अॅडम्स या इंग्रज कारागिराचें रिव्हॉल्व्हरहि तेथेंच होतें. १८५३ सालीं कोल्टनें लंडनमध्यें टेम्स नदीच्या कांठीं कारखाना काढला. पण तो थोड्याच वर्षांत बंद पडला. १८५६ मध्यें ब्यूमाँट नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें अॅडम्सच्या यंत्रांत सुधारणा केली. तीमुळें घोडा अंगठ्यानें मागें ओढूनहि बार काढतां येऊं लागला, आणि नुसता चाप दाबूनहि. हिंदुस्थानांत आलेले इंग्रज अधिकारी अशीं हत्यारें स्वतःच्या पदरचे पैसे खर्चून विकत घेत असत.

एवढ्या माहितीनेंच मलकापूरच्या पेटींतील कहाणीची पहिली परीक्षा होते. १८४४ सालीं कोल्टचा अमेरिकेतील पहिला कारखाना बंद पडून दोन वर्षें झालीं होतीं. सह्याद्रीच्या गडांवर तेव्हां तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकांचें राज्य होतें. त्यामुळें ‘गडकऱ्यांच्या बंडांतील रिव्हॉल्व्हर’ ही वस्तु जवळजवळ अशक्य कोटींतील होय. सत्तावनची गोष्ट तशी नाहीं. ३१ जुलै १८५७ रोजीं रात्रीं कोल्हापुरांतील सत्ताविसाव्या देशी पायदळ पलटणीनें उठाव केला. पुढील महिन्यांत कर्नल ली ग्रँड जेकब यानें त्या पलटणीचीं हत्यारें काढून घेतलीं. डिसेंबरमध्यें कोल्हापुरांत पुनः उठाव झाला, आणि छत्रपतींचे बंधु चिमासाहेब यांना कराचीस नेऊन ठेवण्यांत आलें. तेथेंच १८६९ सालीं त्यांचा अंत झाला. या धामधुमींत इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेस रिव्हॉल्व्हरें असणें अगदीं संभवनीय आहे. म्हणून ही कहाणी ऐकतांक्षणींच खोटी ठरवितां येत नाहीं. ती तपासावी लागते.

सुदैवानें तपास कठीण नाहीं. सत्तावन सालीं आपल्या इकडे असलेलीं रिव्हॉल्व्हरें टोपीचीं होतीं. चक्रीच्या प्रत्येक घरांत पुढील बाजूनें दारू व गोळी भरावयाची, आणि मागील बाजूस असलेल्या लहानशा बोंडावर तांब्याची टोपी बसवावयाची, अशी त्यांची रीत होती. पितळी काडतूस मागून घालण्याची सोय ब्रिटिश सैन्याच्या रिव्हॉल्व्हरांत आली ती १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. म्हणून चक्रीच्या पाठीमागें बोंडें आहेत कीं आरपार भोंकें आहेत, एवढें पाहिलें म्हणजे पुरे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पेटींतील रिव्हॉल्व्हर मधोमध मोडून उघडणारें असेल, व उघडतांच सहाही काडतुसें एकदम वर उचललीं जात असतील, तर तें वेब्लीच्या लष्करी घराण्यांतील समजावें. त्या घराण्यांतील पहिला नमुना ब्रिटिश सैन्यानें १८८७ सालीं स्वीकारला. सत्तावनचा उठाव त्याच्या तीस वर्षें आधींचा.

परीक्षेचें दुसरें सूत्र खुणांचें. रिव्हॉल्व्हर ही जवळजवळ वाचतां येण्यासारखी वस्तु आहे. कारखान्याचें नांव, नमुन्याचा अंक, क्रमांक आणि परीक्षेच्या खुणा हें सर्व तिच्या अंगावर कोरलेलें असतें. नांवावरूनहि काळ ठरतो. बर्मिंगहॅमच्या वेब्ली घराण्याचा स्कॉट यांच्या कारखान्याशीं संयोग झाला तो १८९७ सालीं. तेव्हां ज्याच्या अंगावर ‘वेब्ली अँड स्कॉट’ अशीं अक्षरें आहेत, तें हत्यार त्या सालापूर्वींचें असूं शकत नाहीं. मग विकणारा शपथ कां घेईना! मे १९१५ मध्यें स्वीकारलेल्या सहाव्या नमुन्याच्या रिव्हॉल्व्हरवर तर नांवाखालीं घडणीचें सालहि कोरलेलें आढळतें.

इंग्लंडमध्यें विक्रीस जाणाऱ्या प्रत्येक नळीची आधीं सरकारमान्य परीक्षा होत असे. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळास १६३७ सालीं सनद मिळाली, व बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ मध्यें कायद्यानें स्थापन झालें. नेहमींपेक्षां जास्त दारूचा बार काढून नळी टिकली, तरच तिच्यावर मुकुटांकित खूण उमटविली जाई. बेल्जममधील लीज शहराची अशीच खूण आहे; लंबवर्तुळांत ई, एल, जी हीं अक्षरें. १८७२ च्या सुमारास वेब्लीनें ‘बुलडॉग’ नांवाचें आंखूड नळीचें रिव्हॉल्व्हर काढलें, आणि लीजच्या कारखानदारांनीं त्याच्या असंख्य नकला जगभर पाठविल्या. अशी नक्कल ही लबाडीच असते असें नाहीं. परंतु तिची किंमत मूळ हत्याराची मागितली तर मात्र ती लबाडी होय. पेशावर व कोहाट यांच्या दरम्यान असलेल्या दर्रा आदमखेल या गांवीं तर हातानें घडविलेल्या हुबेहूब नकला निघत आल्या आहेत. तेथील कारागिरांचा हात कुशल, पण अक्षरओळख कच्ची. त्यामुळें नांवांतील एखादें अक्षर उलटें पडतें, किंवा शब्द चुकतो. शाळेंत शुद्धलेखनास कंटाळलेल्या मुलांस हें उदाहरण अवश्य सांगावें : एका अक्षराच्या चुकीनें हजारों रुपयांचा माल खोटा ठरतो.

लष्करी हत्यारावर सरकारी मालकीची खूण म्हणून रुंद पात्याचा बाण असतो. तें हत्यार पुढें रीतसर विकलें गेल्यास टोंकास टोंक लावलेले दोन बाण बहुधा उमटविलेले असत. ज्याच्यावर एकच बाण आहे व ज्याच्या खरेदीचा कागद नाहीं, तें सरकारी कोठींतून बाहेर कसें आलें, हा प्रश्न विचारल्यावांचून पुढें जाऊं नये. युद्धांत शिपायाच्या हातीं रायफल असे. रिव्हॉल्व्हर असे तें मुख्यतः अधिकाऱ्यांच्या कमरेस. ‘आजोबा पलटणींत शिपाई होते’ एवढ्या उत्तरानें या प्रश्नाचें समाधान होत नाहीं.

तिसरें सूत्र शरीराचें. येथें पहिला नियम असा कीं, परीक्षेपूर्वीं हत्यार उघडून प्रत्येक घर रिकामें आहे हें स्वतः डोळ्यांनीं पहावें. ‘पन्नास वर्षें भरलेलेंच नाहीं’ या वाक्यावर विश्वास ठेवल्यानें प्राणास मुकण्याची वेळ येते. नळीचें तोंड कोणाही माणसाकडे वळवूं नये, आणि रिकाम्या घोड्याचा वारंवार खटका वाजवून मौज पाहूं नये. जुन्या कमानी व चापाचे दांते त्यानें मोडतात. मग क्रमांक पहावेत. सांगाड्यावरचा, नळीवरचा व चक्रीवरचा क्रमांक एकच असेल तर हत्यार मूळचें; निरनिराळे असतील तर तें तीन मोडक्यांतून जोडलेलें असण्याचा संभव फार. मळसूत्रांच्या माथ्यांवरील खांचा तुटक्या व फांकलेल्या असल्या, तर कोण्या तरी अडाणी हातानें तें पूर्वीं उघडलें आहे हें निश्चित.

घोडा सावकाश पूर्ण मागें ओढल्यावर चक्री जागच्या जागीं घट्ट बसली पाहिजे, आणि चक्रीचें घर व नळी एका रेषेंत आलीं पाहिजेत. चक्री हातानें डावीउजवीकडे डगमगत असेल किंवा मागेंपुढें सरकत असेल, तर आंतील यंत्र झिजलेलें आहे. अशा हत्यारांतून गोळी सुटली तर ती नळींत सरळ न शिरतां कडेवर आदळते, व शिशाचे कण उडवणाऱ्याच्या व शेजाऱ्याच्या तोंडावर येतात. मागें ओढलेल्या घोड्यावर अंगठ्यानें हलकेंच रेटतांच जर तो सुटला, तर तें हत्यार जवळ ठेवण्यासहि अयोग्य. नळींत प्रकाश टाकून पाहिलें असतां आंतील मळसूत्री चऱ्या स्वच्छ दिसाव्यात. गंजाचे खड्डे किंमत कमी करतात. परंतु मध्येंच एखादें काळसर कडें दिसलें तर तेथें नळी आंतून फुगलेली आहे असें समजून व्यवहार तेथेंच थांबवावा.

येथें चकाकीचा मोह आवरला पाहिजे. पुष्कळ घरांतून विकण्यापूर्वीं हत्यार कानस व पॉलिश यांनीं लखलखीत करतात. त्यानें कडा गोल होतात, अक्षरें पुसट होतात, मूळचा निळसर काळा मुलामा जातो, आणि जाणत्याच्या लेखीं किंमत निम्म्यावर येते. प्रामाणिक जीर्णता ही जुन्या वस्तूची अब्रू आहे. याच्या उलट, कापाकापी ही कधीं कधीं प्राणावर येते. अमेरिकेंत गेलेल्या पुष्कळ वेब्ली रिव्हॉल्व्हरांच्या चक्रीची पाठ घांसून त्यांत तिकडील पिस्तुलाचीं काडतुसें बसतील असें करण्यांत आलें. त्या काडतुसांचा दाब मूळच्या ४५५ क्रमांकाच्या काडतुसापेक्षां बराच जास्त असल्यानें असें हत्यार फुटण्याचा धोका असतो. काळ्या दारूच्या काळांतील रिव्हॉल्व्हरांत नवी धूरविरहित दारू वापरण्याचा परिणामहि असाच. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. त्याची के व एफ या अक्षरांची खूण असलेलीं जुनीं काडतुसें कित्येकदां हत्याराबरोबर सांपडतात. तीं इतिहासाची साक्ष म्हणून मोलाचीं. बार काढून पाहण्याकरितां नव्हेत. यंत्राची अखेरची परीक्षा परवानाधारक बंदूककारानेंच करावी.

चौथें सूत्र कागदाचें. आणि आपल्या देशांत तेंच सर्वांत महत्त्वाचें. सत्तावननंतर हिंदी माणसाच्या हातीं हत्यार राहूं नये हें इंग्रजी राज्याचें धोरण ठरलें. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत १८७८ चा हत्यारांचा कायदा झाला, व ब्रिटिश हिंदुस्थानांत परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा गुन्हा झाला. काँग्रेसनें आपल्या आरंभीच्या काळापासून या कायद्याविरुद्ध आवाज उठविला. संस्थानांत संस्थानिकांचे नियम चालत. १ मार्च १९४९ रोजीं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि मलकापूरच्या वाड्यांनाहि देशाचा कायदा लागू झाला. पुढें १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा कायदा आला, व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आहे. तात्पर्य, गेल्या दीडशें वर्षांत या भूमीवर न्याय्य मार्गानें आलेल्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरमागें कोठें तरी एक कागद असला पाहिजे : परवाना, दुकानाची पावती, संस्थानची आज्ञा, निदान दप्तरांतील नोंद. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारांत संस्थानी काळचीं दप्तरें जतन केलेलीं आहेत. ज्याला कहाणी खरी करावयाची आहे त्यानें तेथें धूळ झटकावी.

खरेदी करणाऱ्याजवळ स्वतःचा परवाना नसेल तर चालतें हत्यार त्यास हातीं घेण्याचाहि अधिकार नाहीं. एका परवानाधारकानें दुसऱ्यास विकतांना जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाणें यांस लेखी खबर देऊन ४५ दिवस थांबावें लागतें. सैन्यांत चालणाऱ्या कित्येक व्यासांचीं हत्यारें सामान्य परवान्यावर मिळतच नाहींत. जुन्या वस्तूस सवलत आहे. परंतु ती केव्हां? जें हत्यार कालबाह्य किंवा पुराणवस्तु म्हणून मोलाचें आहे, आणि दुरुस्ती करून अथवा न करतां कसेंहि चालूं शकत नाहीं, त्यालाच. ‘आजोबांच्या वेळचें आहे’ एवढ्यानें सवलत मिळत नाहीं. परवाना असलेला माणूस निवर्तला, तर वारसांनीं विनाविलंब हत्यार पोलीस ठाण्यांत अथवा परवानाधारक व्यापाऱ्याकडे ठेव म्हणून द्यावें असें कायदा सांगतो. पेटींत धोतराखालीं तें झांकून ठेवणें ही पूर्वजांची पूजा नव्हे.

किंमतीच्या बाबतींत आपल्याकडे एक भ्रम पसरला आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून खाजगी माणसांस परदेशी शस्त्रें आणण्यावर कडक निर्बंध आले. त्यामुळें पूर्वीं आलेल्या व परवान्यावर चालणाऱ्या विलायती रिव्हॉल्व्हरांस अवाढव्य किंमत येऊं लागली. ही किंमत टंचाईची आहे, इतिहासाची नाहीं. कानपूरच्या सरकारी कारखान्यांत होणारें ३२ क्रमांकाचें रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच आराखड्यावर बेतलेलें असूनहि त्यास पुराणवस्तूचा मान कोणी देत नाहीं. इतिहासाची किंमत येते ती एकाच गोष्टीनें : अमुक हत्यार अमुक माणसाच्या हातीं होतें हें क्रमांकानें व कागदानें सिद्ध झाल्यानें.

याचें उत्तम उदाहरण रिव्हॉल्व्हरचें नसून पिस्तुलाचें आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोरास भगतसिंग व पुणें जिल्ह्यांतील खेडचे शिवराम हरि राजगुरु यांनीं साँडर्स या पोलीस अधिकाऱ्यास ठार केलें. त्या प्रसंगीं भगतसिंगांनीं वापरलेलें कोल्ट पिस्तूल फिरत फिरत इंदूर येथील सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेंत येऊन पडलें होतें. वर्षानुवर्षें लोक त्यावरून नजर फिरवीत पुढें जात. कारण त्यावर काळ्या रंगाचा थर होता व कहाणी कोणतीच नव्हती. २०१६-१७ च्या सुमारास रंग काढून क्रमांक पाहण्यांत आला, तो खटल्याच्या कागदांतील क्रमांकाशीं जुळला, आणि तें पिस्तूल सन्मानानें पंजाबांतील हुसेनीवाला येथें गेलें. मलकापूरच्या पेटींत कहाणी होती, पण कागद नव्हता. इंदूरला कहाणी नव्हती, पण क्रमांक होता. आणि खरा इतिहास तेथें निघाला.

आतां पुनः त्या पेटीकडे वळूं. समजा, धोतराचा तुकडा बाजूस सारून, हत्यार उघडून रिकामें असल्याची खात्री केल्यावर, सांगाड्याच्या डाव्या अंगावर वेब्लीचें नांव, सहावा नमुना व खालीं १९१७ हें साल दिसलें. बाण एकच आहे. परवाना कोणाजवळ नाहीं. सुज्ञ गिऱ्हाइकानें काय करावें? पैसा खिशांतच ठेवावा, आणि घरच्या मंडळींस नम्रपणें पोलीस ठाण्याची वाट दाखवावी. न घेणें हाहि परीक्षेचा एक निकाल आहे, आणि पुष्कळदां तोच सर्वांत मोलाचा असतो.

घरच्या वडिलांस वाईट वाटेल, हें खरें. पणजोबांचा पराक्रम एका सालानें पुसला गेला असें त्यांना वाटेल. परंतु १९१७ हें सालहि कांहीं रितें नाहीं. त्याच्या आदल्याच वर्षीं, २९ एप्रिल १९१६ रोजीं, मेसोपोटेमियांतील कुत या गांवीं सुमारें पांच महिन्यांच्या वेढ्यानंतर ब्रिटिश फौज शरण गेली, आणि त्या उपाशी फौजेंत मराठा पलटणींचे शिपाई होते. त्या महायुद्धाची आठवण आपल्या घरांतून आज जवळजवळ नाहींशी झाली आहे. कारण प्रत्येक जुन्या हत्याराला आपण सत्तावनचें नांव देऊन टाकतों. पेटींतील लोखंड ज्या काळाची साक्ष देत होतें, त्या काळाची चौकशी कोणीच केली नाहीं. पणजोबांना न केलेल्या पराक्रमाचें श्रेय देण्यापेक्षां, आजोबांच्या पिढीनें खरोखर काय पाहिलें व काय सोसलें हें विचारणें, हाच त्यांचा खरा मान होय.